नागपूरहून पहिल्यांदा अंदमानला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्ट्या जाहीर झाल्या की हे प्रश्न यायला लागतात आणि परीक्षा संपल्या की पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक जण पहिल्यांदाच बेटावर निघालेले असतात, हातात पाच-सहा दिवस असतात, आणि घरातल्या एक-दोघांनी तरी समुद्र जवळून पाहिलेला नसतो. उत्तरं लिहिताना एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवली आहे: बेटावरचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. त्याला थोडी जागा ठेवून आखणी केली तर छोटी सुट्टीही भरभरून मिळते.

१. अंदमान, लक्षद्वीप की मालदीव? पहिल्यांदा कुठे जावं?

अंदमान. भारतीयांना तिथल्या मुख्य बेटांसाठी परमिट लागत नाही, हिंदी सगळीकडे चालते, साध्या लॉजपासून महागड्या रिसॉर्टपर्यंत सगळं मिळतं, आणि समुद्राचा कंटाळा आलाच तर जंगल आहे, इतिहास आहे. लक्षद्वीप फार सुंदर आहे, पण तिथे भारतीयांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो, विमान मुख्यतः कोचीमार्गे अगत्तीला जातं, आणि राहण्याच्या जागा मोजक्या आहेत. दारूबंदीही आहे, बंगाराम बेट त्याला अपवाद. ते दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी ठेवा. मालदीवला भारतीय पासपोर्टवर पोहोचल्यावर मोफत व्हिसा मिळतो, मात्र तिथला खर्च रिसॉर्टवर अवलंबून असतो आणि एकदा रिसॉर्टच्या बेटावर गेलात की जेवणापासून बोटीपर्यंत सगळं त्यांच्याच दराने. दोघांनाच जायचं असेल आणि चार दिवस नुसतं पाण्याकडे बघत बसायचं असेल तर ते ठीक. आजी-आजोबा, मुलं असं अख्खं घर निघणार असेल तर अंदमानला पर्याय नाही.

२. पासपोर्ट किंवा परमिट लागते का?

भारतीय नागरिकाला दोन्ही लागत नाही. विमानासाठी सरकारी ओळखपत्र पुरतं. बोटीच्या तिकिटासाठी आणि जेट्टीवर चढतानाही ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून मूळ कार्ड जवळच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. मुलांचं आधार किंवा जन्मदाखला सोबत असू द्या. निकोबार बेटं आणि आदिवासी राखीव क्षेत्रं पर्यटकांसाठी खुली नाहीत, त्यांचा विचार करू नका. घरात कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर प्रश्न २३ पाहा.

३. नावं बदलली म्हणे. तिकीट काढताना कोणतं नाव शोधायचं?

३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलताना लोक अजून जुनीच नावं घेतात आणि बुकिंगच्या संकेतस्थळांवर कधी हे दिसतं, कधी ते. विमानतळ मात्र एकच, वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याचा कोड आयएक्सझेड. हॅवलॉक आणि स्वराज द्वीप अशी दोन वेगळी बुकिंग करून बसू नका, बेट एकच आहे. खाली ओळखीची जुनी नावंच वापरली आहेत.

४. नागपूरहून थेट विमान आहे का?

नाही. सोनेगावहून उडालात की कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई किंवा दिल्ली यांपैकी कुठे तरी विमान बदलावं लागतं. नकाशावर पाहिलं तर कोलकाता किंवा चेन्नई सोयीचं, तिथून पोर्ट ब्लेअर साधारण सव्वादोन तासांवर आहे. दिल्लीमार्गे म्हणजे आधी उलट्या दिशेला जाणं, तिकीट बरंच स्वस्त असेल तरच घ्या.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही, आणि सामानही मध्येच काढून पुन्हा जमा करावं लागतं. दुसरी, पोर्ट ब्लेअरची बरीचशी विमानं सकाळी आणि दुपारी असतात, त्यामुळे नागपूरहून निघाल्यावर मधल्या शहरात रात्र काढायची वेळ येऊ शकते. ती रात्र आधीच हिशेबात धरा.

५. रेल्वेने अर्धं अंतर गेलं तर स्वस्त पडेल का?

चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर नक्की विचार करावा. नागपूरहून हावड्याला गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद आहेत. चेन्नईला ग्रँड ट्रंक आणि तमिळनाडू एक्स्प्रेस. रात्रभराचा प्रवास, पुढे विमान. पण गाडी पोहोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यांत किमान अर्धा दिवस सोडा. गाडी उशिरा आल्यावर विमान कंपनी पैसे परत देत नाही.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजही जातं. त्याला एका बाजूला साधारण तीन ते चार दिवस लागतात. छोट्या सुट्टीत ते बसत नाही.

६. किती दिवस पुरतात?

नागपूरकरांसाठी किमान पाच रात्री. जायचा आणि यायचा असे दोन दिवस प्रवासातच जातात, हातात राहतात चार. त्या चार दिवसांत दोन बेटं आणि पोर्ट ब्लेअर नीट होतं.

मी सुचवतो तो क्रम असा. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दुपारनंतर राधानगर किनारा. तिसरा दिवस पूर्ण हॅवलॉकला, सकाळी एलिफंट बीच किंवा स्कुबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी), दुपारी काहीही नाही. चौथ्या दिवशी बोटीने नील. पाचव्या दिवशी नीलहून पोर्ट ब्लेअरला परत आणि संध्याकाळी सेल्युलर जेल. सहाव्या दिवशी घरी. चारच रात्री असतील तर नील काढून टाका. हॅवलॉकची रात्र कमी करून नील बसवण्याचा मोह होतो, पण मग सगळा वेळ जेट्टीवरच्या रांगेत जातो.

या क्रमातली एक गोष्ट अजिबात बदलू नका: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. हॅवलॉकहून सकाळची बोट धरून त्याच दुपारचं विमान पकडता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतील. हवा चांगली असेल तर येतंही. पण वारा वाढला की बंदर विभाग बोटी थांबवतो. आपल्याकडे एक एसटी चुकली तर दुसरी मिळते. इथे पुढची बोट दुसऱ्या दिवशी असू शकते आणि तीही भरलेली. एका रात्रीच्या खोलीभाड्यापायी अख्ख्या कुटुंबाचं विमानभाडं पणाला लावू नये.

७. जायला सगळ्यात चांगला काळ कोणता? नवतपा टाळायला मे महिन्यात जावं का?

डिसेंबर ते एप्रिलचा मध्य. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, पाऊस कमी. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात उत्तम, पण मुलांच्या शाळेमुळे तो बहुतेकांना जमत नाही. मग एप्रिलचा पहिला पंधरवडा बघा, परीक्षा लवकर संपल्या तर.

नवतप्यात अंदमानला जाण्याची कल्पना दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात येते. “मान्सून अंदमानात दाखल” ही बातमी आपण साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात वाचतो आणि सुखावतो. ती बातमी म्हणजेच तिथला पावसाळा सुरू. आपल्याकडे नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो, तोवर तिथे धो-धो पाऊस, खवळलेला समुद्र आणि रद्द होणाऱ्या बोटी. त्याआधीचा मेचा पहिला पंधरवडा गरम आणि दमट असतो, पण जमू शकतो. तापमान ३०-३२ अंशांपुढे सहसा जात नाही. घाम मात्र असा येतो की आपल्या कोरड्या उन्हाची आठवण व्हावी.

दिवाळीचं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही याच काळात होतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर जा, पण एक दिवस जास्तीचा ठेवा. नाताळचा आठवडा हवेच्या दृष्टीने छान आणि गर्दीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट; बोटींची तिकिटं महिना-दोन महिने आधी काढली नाहीत तर अडचण होते.

८. बोटी कशा असतात? सरकारी घ्यावी की खासगी?

मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन या खासगी बोटी आहेत. त्यांची तिकिटं घरबसल्या काढता येतात आणि हॅवलॉकला साधारण दीड ते सव्वादोन तासांत पोहोचता येतं. सरकारी बोट बरीच स्वस्त, थोडी सावकाश, पण तिची तिकिटं प्रवासाच्या काही दिवस आधीच खुली होतात आणि स्थानिक लोकांची ती रोजची गरज आहे. पहिल्यांदा जाताना खासगी बोटीची तिकिटं काढून मोकळं व्हा. क्रम मात्र असा ठेवा: आधी विमान, मग बोट, मग हॉटेल. हॉटेलं पुष्कळ आहेत, बोटीतल्या जागा मोजक्या.

तिकिटावर जेट्टीचं नाव वाचा. पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे आणि हॅडो या वेगवेगळ्या जागा आहेत आणि रिक्षावाल्याला नुसतं “जेट्टी” सांगून चालत नाही. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा, सामान तपासलं जातं.

९. हॅवलॉक की नील, एकच जमत असेल तर?

हॅवलॉक. राधानगरसारखा किनारा आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे: लांबच लांब पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल, आणि पाण्यात शिरताना पायाखाली दगड नाहीत. टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. स्कुबाच्या चांगल्या शाळाही इथेच.

नील लहान, शांत, शेतीवाडीचं बेट. सायकलवर फिरून होतं. १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बेटांवर जमिनी दिल्या गेल्या, त्यामुळे बोली, मासे शिजवण्याची रीत, अंगणातली झाडं यांत बंगाल जाणवतो. नीलच्या नैसर्गिक खडकी कमानीलाही तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. ती पाहायची तर ओहोटीच हवी. भरतीत तिथवर चालत जाता येत नाही. वयस्कर मंडळींना नील जास्त आवडतं, असा माझा अनुभव.

१०. “पाच वाजता अंधार पडतो” हे खरं आहे का?

हो, हिवाळ्यात जवळजवळ तसंच. घड्याळ सगळ्या देशाचं एक, पण पोर्ट ब्लेअर नागपूरच्या साडेतेरा अंश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सुमारे ५५ मिनिटं पुढे. डिसेंबरमध्ये तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेसहाच्या आधीच उजाडतं.

याचा आखणीवर मोठा परिणाम होतो. “दुपारी जेवून, जरा आडवं होऊन, पाचला निघू” ही आपली सवय तिथे चालत नाही. राधानगरला सूर्यास्त पाहायचा तर साडेतीनला पोहोचलेलं असावं. उलट, पहाटे साडेपाचला उठलात तर काळापत्थरचा पूर्वेकडचा किनारा जवळजवळ तुमच्या एकट्याचा असतो. सगळा दिवस दीड तास अलीकडे सरकवा. जेवणाचाही.

११. घरात कुणालाच पोहता येत नाही. मग जाऊन काय फायदा?

भरपूर फायदा. गुडघाभर पाण्यात उभं राहून पायांभोवती मासे फिरताना दिसतात, त्याला पोहणं लागत नाही. स्नॉर्केलिंगला (तोंडात नळी धरून, पाण्यावर तरंगत खाली बघणं) जीवरक्षक जाकीट घालतात आणि सोबत माणूस असतो. तोंडाने श्वास घेण्याची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, बस्स.

तरी अंबाझरी-फुटाळ्याच्या काठावर वाढलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. तलावाचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं ओढतं. जीवरक्षक बसलेला असेल त्याच भागात उतरा, पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका, आणि मुलाचा हात हातातच ठेवा. पाणी आत ओढतंय असं वाटलं तर थेट किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर सरका, हात वर करा, ओरडा. निघण्याआधी महिनाभर मुलांना जलतरण तलावावर पाठवता आलं तर फार चांगलं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक हॉटेलवाल्याला रोज विचारा. हॅवलॉकचे काही किनारे ओहोटीत नुसते खडक आणि चिखलाचे होतात, तेच भरतीत निळेशार असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास हा फरक सगळ्यात मोठा.

१२. स्कुबा सुरक्षित आहे का? कुणी करू नये?

नवशिक्यांसाठीचं स्कुबा प्रशिक्षकासोबत होतं. तो तुम्हाला धरून नेतो, पोहता आलंच पाहिजे असं नाही. वय किमान १० वर्षं लागतं. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचा जुना त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर करू नका. आरोग्याचा अर्ज भरायला देतात, त्यात खरं लिहा. सर्दी झाली असेल तरी नको, कारण खाली जाताना कानातला दाब मोकळा होत नाही. अर्ज न भरून घेता थेट पाण्यात उतरवणाऱ्याकडे जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आणि स्कुबानंतर लगेच विमानात बसू नका. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळलेला राहतो. विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास, अनेकदा मारली असेल तर १८ तास थांबावं असा संकेत आहे. पूर्ण दिवस सोडलात तर हिशेब करत बसावं लागत नाही. प्रश्न ६ मधला क्रम त्यामुळेच तसा आहे. स्नॉर्केलिंगला ही अट नाही.

१३. बोट लागते का? आईला गाडीतही उलट्या होतात.

शांत महिन्यांत फारशी नाही. तरी आईंना बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसवा. पुढच्या टोकाला हेलकावे जास्त. उपाशीपोटी नेऊ नका आणि तेलकट नाश्ताही नको, पोळी किंवा इडली पुरे. मोबाइलमध्ये बघू देऊ नका, दूर क्षितिजाकडे बघायला सांगा. गोळी घ्यायची तर घरच्या डॉक्टरांना विचारून, आणि बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. काही गोळ्यांनी झोप येते.

१४. सेल्युलर जेलला किती वेळ द्यावा?

अर्धा दिवस. घाईत अजिबात नको. १८९६ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९०६ मध्ये पूर्ण झालं. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती निघत होत्या, आता तीनच उरल्या आहेत. रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे; शेजारच्या कैद्याचा चेहराही दिसू नये. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही इथेच होते. सावरकरांच्या कोठडीकडे सगळे जातातच. पण मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवरची प्रांतवार नावंही वाचा. बंगाल आणि पंजाबमधली नावं किती आहेत ते पाहून आपल्या मुलांना देशाचा एक वेगळाच नकाशा कळतो. तेलाचा घाणा बघून कैद्याला रोज काय करावं लागत होतं याची कल्पना येते.

संध्याकाळी प्रकाश-ध्वनी कार्यक्रम असतो. हिंदी खेळाची तिकिटं आधी काढा, हंगामात संपतात. दुपारी जेल आणि लगेच संध्याकाळी कार्यक्रम असं जोडलं तर ये-जा वाचते.

१५. शाकाहारी जेवण मिळेल का? उपवासाचं?

शाकाहारी सहज मिळतं. पोर्ट ब्लेअरला दक्षिणी उपाहारगृहं भरपूर, हॅवलॉकलाही थाळी मिळते. भाजीपाल्याचा बराच भाग जहाजाने येतो, त्यामुळे भाजी आपल्यापेक्षा महाग आणि प्रकार कमी. उपवासाचं वेगळं काही मिळेल असं धरू नका: केळी, शहाळं, दही, दूध यांवर भागतं. शेंगदाण्याचे लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या घरून न्या. मासे खाणाऱ्यांनी मात्र तिथे पनीर मागवू नये. दुपारी जेट्टीजवळच्या साध्या बंगाली खाणावळीत काय ताजं आलंय ते विचारून जेवावं.

चिवडा, गोरस पाक, संत्रा बर्फी खुशाल न्या. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत अडवतात. सुकं खोबरं विमानात चालत नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

१६. पैसे आणि मोबाइलचं काय?

चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पोर्ट ब्लेअरचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं. हॅवलॉक-नीलला मात्र काही ठिकाणी रेंज जाते, आणि रेंज गेली की यूपीआयही गेलं. दोन दिवसांच्या खर्चाची रोकड पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा. नीलला एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. तिकिटं आणि हॉटेलची पावती मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, एक प्रत कागदावर.

१७. खर्च किती येतो? टूर पॅकेज घ्यावं की स्वतः करावं?

सगळ्यात मोठा घास विमानभाड्याचा, आणि ते तारखेनुसार दुपटीनेही बदलतं. म्हणून आधी भाडं बघा, मग तारीख ठरवा. आपण बहुतेकदा उलटं करतो. त्यानंतर खोल्या, मग खासगी बोटी, मग पाण्यातले खेळ. खाणं आणि रिक्षा शेवटी.

स्वतः करणं अवघड नाही. चार तिकिटं आणि तीन हॉटेलं, एवढंच काम. वेळ नसेल किंवा दहा-बारा जण असतील तर पॅकेज घ्या, पण टूरवाल्याला हे विचारा: बोट कोणती, हॅवलॉकला किती रात्री, शेवटची रात्र कुठे, आणि बोट रद्द झाली तर जास्तीच्या रात्रीचा खर्च कोण करणार? उत्तरं लेखी घ्या. कागदावर ठिकाणांची रांग लावली असेल तर त्यातली निम्मी काढायला सांगा.

केंद्र सरकारी नोकरीत असाल (नागपुरात तशी घरं पुष्कळ आहेत) तर एलटीसीवर (सुट्टीतल्या प्रवासाचा खर्च देणारी सरकारी योजना) अंदमानला विमानाने जाण्याची विशेष सवलत वेळोवेळी वाढवली गेली आहे. चालू मुदत आणि तिकीट कुठून काढायचं याचे नियम कार्यालयात विचारल्याशिवाय बुकिंग करू नका. चुकीच्या ठिकाणाहून काढलेल्या तिकिटाची रक्कम मिळत नाही.

१८. कपडे आणि सामान?

स्वेटर नको, डिसेंबरमध्येही. लवकर वाळणारे सैल कपडे घ्या. जाड सुती कपडा त्या दमट हवेत दोन दिवस ओला राहतो. जीन्स एकच, प्रवासाची. टोपी, पाण्यात चालणाऱ्या पट्ट्यांच्या चपला, छोटी छत्री, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, त्यासाठी डास पळवणारं मलम आणि पूर्ण पायजमा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत.

१९. सत्तरीचे आई-बाबा किंवा वर्षाचं बाळ सोबत असेल तर?

जा, पण एकच बेट करा. बोटीत चढताना फळीवरून पाय टाकावा लागतो, हाताला धरायला माणूस ठेवा. सेल्युलर जेलला जिने आहेत. एलिफंट बीचची जंगलवाट त्यांच्यासाठी नाही, तिथे बोटीने जाता येतं. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, बेटांवर प्राथमिक सोय. रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त न्या.

२०. बाराटांग बेटावर जावं का? वाटेत जारवा आदिवासी दिसतात म्हणे.

पाच रात्रींच्या सहलीत जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, पण रस्ता जारवा राखीव क्षेत्रातून जातो, गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात, आणि पहाटे निघून सगळा दिवस जातो. जारवांचे फोटो काढणं, खाऊ देणं, गाडी थांबवणं हा गुन्हा आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीनुसार कारवाई होते. आणि कायद्याच्याही आधीची गोष्ट: माणसं “दिसतील” म्हणून त्यांच्या घरातून गाडी नेणं मला पटत नाही. बाहेरच्यांकडून गेलेल्या साध्या आजारानेही त्या लोकांचं मोठं नुकसान होऊ शकतं. मुलांना हे समजावून सांगा, त्यांना लगेच कळतं.

२१. शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा आणला तर चालतो का?

किनाऱ्यावरून उचललेलं काहीही आणू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे, मेलेला तुकडासुद्धा. विमानतळावर बॅगा तपासताना तो काढून घेतात आणि प्रकरण वाढूही शकतं. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर पावती जपून ठेवा. स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहू नका. तो जिवंत आहे आणि वर्षाकाठी फार थोडा वाढतो.

२२. तिथे मगरी आहेत का?

आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, मुख्यतः खाड्या आणि खारफुटीच्या भागात. काही किनाऱ्यांवर पोहण्याची जागा जाळी लावून राखली आहे, काही ठिकाणी नुसती पाटी आहे. पाटी असेल तिथे पाण्यात पाय घालू नका, अंधार पडल्यावर कुठेच नको. गजबजलेल्या किनाऱ्यांवर दिवसा घाबरण्यासारखं काही नाही.

२३. जावयाकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. त्यांना चालेल का?

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) म्हणजे भारतीय पासपोर्ट नव्हे. परदेशी नागरिकांसाठी २०१८ मध्ये ३० बेटांचे नियम सैल झाले, तरी पोहोचल्यावर नोंदणी करावी लागते, आणि संरक्षित-प्रतिबंधित क्षेत्रांबाबत ओसीआयधारकांना वेगळे नियम लागू होतात. त्यांचं तिकीट काढण्याआधी अंदमान-निकोबार प्रशासनाच्या संकेतस्थळावरचा चालू नियम वाचा. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-नील एवढंच ठेवा आणि त्यांचा मूळ पासपोर्ट सोबत असू द्या.

२४. बोट रद्दच झाली तर करायचं काय?

आधी जेट्टीवर जा, फोनवर वेळ घालवू नका. खासगी बोट हवेमुळे रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढच्या फेरीत जागा असे पर्याय देतात. कोणता हवा ते तिथेच सांगा. खासगी बोटी थांबल्या तरी मोठी सरकारी बोट कधी कधी सुटते, तिच्या खिडकीवर एकाला उभं करा. दुसऱ्याने हॉटेलला कळवून खोली धरून ठेवावी, कारण अडकलेले सगळेच तासाभरात खोल्या शोधू लागतात. विमान दुसऱ्या दिवशी असेल तर शांत राहा. विमान त्याच दिवशी असेल तर ते सुटण्याआधीच कंपनीला कळवून तारीख बदलून घ्या. सुटून गेल्यावर तिकिटाचे पैसे जवळजवळ जातातच. प्रवास विमा घेतला असेल तर बोट रद्द झाल्याचं लेखी किंवा संदेशाच्या रूपातलं पत्र मागून घ्या.